मुंगीसाठी मारलेली गाठ

भर समुद्रातल्या बेटावरच्या ताबोनेआबा गावच्या चर्चची किल्ली नेई रुताच्या गळ्यात एकतीस वर्षं होती; तिथे मानाने बाईला नेई म्हणतात आणि पुरुषाला तेन. जपमाळेच्याच दोऱ्यात तिने ती ओवून टाकली होती. रुता वाकून झाडायला लागली की किल्ली आणि क्रूस एकमेकांवर आपटून बारीक आवाज व्हायचा आणि आजूबाजूच्या घरांतल्या बायका म्हणायच्या, उठा, रुता आली, उजाडलं.

चर्च म्हणजे प्रवाळाच्या चुन्याच्या चार भिंती, वर पत्रा आणि खाली चटया. पण रुताने ते राखलं होतं असं की फादर अन्तेरेआ सगळ्या बेटावर तिचं उदाहरण द्यायचे. वेदीवरची कापडं ती पावसाच्याच पाण्यात धुवायची. धुतलेलं पहिलं पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी, विलायती फणसाच्या बुंध्याशी ओतायची. तारावा या मोठ्या बेटावरच्या मठातल्या सिस्टर ज्या ओस्ती जहाजाने पाठवायच्या, त्या पातळ पांढऱ्या चकत्या समुद्राच्या हवेत दोन दिवसांत मऊ पडतात. रुता तो डबा तांदळात पुरून ठेवायची. मिस्साच्या, म्हणजे फादरनी वेदीवर करायच्या उपासनेच्या, दिवशी ओस्ती कटोऱ्यात भरल्या की ती झाकण लावून त्याला पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे द्यायची आणि वर गाठ मारायची. ही गाठ मुंग्यांसाठी. बेटावरची मुंगी झाकणाखालून शिरते, दोऱ्याखालून शिरत नाही, असं रुताचं मत होतं. फादर वेदीवर तो दोरा तोडायचे, झाकण उघडायचे आणि मग प्रार्थना म्हणायचे. त्या प्रार्थनेनंतर त्या चकत्या चकत्या राहत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

रुताचं हे सगळं करण्यामागे एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा मोउतु परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी होता. वर्षातले दहा महिने तो अशा समुद्रांवर असायचा ज्यांची नावंही तिला नीट घेता येत नसत. रोज पहाटे कुलूप उघडताना ती म्हणायची, ‘मी तुझं घर सांभाळते, तू माझं पोर सांभाळ.’ एकतीस वर्षांतली पहिली काही वर्षं सोडली तर ही प्रार्थना एका दिवसालाही चुकली नव्हती.

सगळ्या बेटाला फादर एकच. ताबोनेआबा उत्तरेच्या टोकाला, मध्ये खाडी. भरती असेल तेवढ्याच वेळात होडी आत येते आणि बाहेर जाते. त्यामुळे फादर दोन महिन्यांतून एकदा यायचे. त्या दिवशी जास्तीच्या ओस्ती पवित्र करून वेदीमागच्या पेटीत ठेवून जायचे. मधल्या रविवारी धर्मशिक्षक नाकिबाए प्रार्थना चालवायचा आणि त्या पेटीतला ख्रिस्तप्रसाद लोकांना द्यायचा. पेटीत प्रसाद असेतोवर तिच्याशेजारी लाल काचेचा दिवा जळत असायचा. त्याला तेल घालणं हेही रुताचंच काम.

चूक झाली ती फादर आले त्या गुरुवारी. सकाळी पंचायतीच्या रेडिओफोनवर कुणीतरी ऐकून आलं की मोउतुचं जहाज जिकडे होतं तिकडे मोठं वादळ आहे. रुताने दोन्ही कटोरे भरले, दोन्हींना गाठी मारल्या. एक वेदीवर ठेवला. दुसरा, पुढच्या आठ आठवड्यांसाठीचा, बाजूच्या मेजावर ठेवला आणि अर्पणाच्या वेळी तो वेदीवर न्यायचा हे विसरली. तिच्या डोळ्यांपुढे लाटा होत्या. मिस्सा संपेपर्यंत वेदीवरचा कटोरा रिकामा झाला, कारण त्या दिवशी शेजारच्या गावचीही माणसं आली होती. होडीवाला बाहेरून ओरडत होता की पाणी उतरायला लागलं. फादर म्हणाले, “नाकिबाए, पेटीत ठेवायचं तू बघ. आणि म्हाताऱ्या बोताकेला आजच प्रसाद नेऊन दे. मी सकाळी घरी जाऊन त्याच्या पापांची कबुली ऐकली आहे.” आणि ते झगा सावरत पाण्यात उतरले. रुताने मेजावरचा भरलेला कटोरा नाकिबाएच्या हातात दिला. सवयीने.

वादळ मोउतुच्या जहाजापासून बरंच दूर गेलं. दोन दिवसांनी निरोप आला की सगळे सुखरूप आहेत. रुताने दिव्यात तेल घातलं आणि देवाचे आभार मानले.

सात आठवडे गेले. एका शनिवारी दुपारी रुता चटया झटकत होती आणि नाकिबाए उद्याचं वाचन बघत पायरीवर बसला होता. नाकिबाए तसा माडाची ताडी काढणारा माणूस, झाडावर चढून गाणी म्हणणारा. चर्चमध्येही त्याला फार वेळ गप्प बसवत नसे.

“नेई रुता, पुढच्या खेपेला गाठ जरा सैल मार बाई. दातांनी दोरा तोडावा लागला मला.”

“कधी?”

“फादर गेले त्या दिवशी. बोताकेकडे जायचं होतं ना. कटोरा काखेत धरून दातांनी तोडत होतो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, नाकिबाएला फार भूक लागलेली दिसते.”

रुताच्या हातातली चटई तशीच राहिली.

“त्या कटोऱ्याला दोरा होता?”

“होता म्हणजे? तूच तर बांधतेस. सगळ्या मुंग्या तुझ्या नावाने बोटं मोडतात.”

रुता खाली बसली. दोरा होता, म्हणजे वेदीवर झाकण उघडलंच नव्हतं. उघडलं नव्हतं, म्हणजे तो कटोरा वेदीवर गेलाच नव्हता. सात आठवडे सगळं गाव रांगेत उभं राहून, जीभ पुढे करून, पीठ आणि पाणी खात होतं. आणि तिने त्या पिठापुढे दिवा लावला होता.

तिने हे नाकिबाएला सांगितलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला आणि कळल्यावर त्याने पुस्तक मिटलं.

“कुणाला माहीत आहे?”

“तुला आणि मला.”

“मग ऐक माझं. नऊ दिवसांनी फादर येतायत. तू त्यांच्यापाशी कबूल कर. तिथलं बोलणं बाहेर पडत नाही. ते नवीन ओस्ती पवित्र करतील, या काढून टाकतील. कुणाच्या मनाला धक्का नको.”

“आणि उद्या?”

“उद्या सांगतो, ओस्ती दमट झाल्यात, म्हणून प्रसाद नाही.”

“खोटं?”

“थोड्या दमट झालेल्याच असणार की,” नाकिबाए म्हणाला. पण ते म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मग हळूच म्हणाला, “आणि बोताकेचं काय सांगणार आहेस?”

रुता ज्या नावापासून आतल्या आत पळत होती ते त्याने काढलं होतं. तेन बोताके बारा वर्षं चर्चच्या पायरीवर चढला नव्हता. जमिनीच्या वादात गावाने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती, आणि तो म्हणाला होता की ही माणसं जिथे गुडघे टेकतात तिथे मी टेकणार नाही. त्याची मुलगी तेबोरा बारा वर्षं त्याच्यासाठी जपमाळ ओढत होती. शेवटी पोट फुगून तो अंथरुणाला खिळला तेव्हा स्वतःच म्हणाला, फादरना बोलवा. बारा वर्षांनी त्याने जो प्रसाद घेतला, तो त्या कटोऱ्यातला. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

रुता उठली, वेदीमागे गेली आणि तिने फुंकर घालून लाल दिवा विझवला.

“अगं, हे काय करतेस? दिवा विझलेला दिसला की उद्या सगळे विचारतील. मग सांगावंच लागेल.”

“म्हणून तर विझवला,” रुता म्हणाली. “रात्रीतून माझं मन फिरलं तर.”

तेबोराला आधी घरी जाऊन सांगायचं असं तिने ठरवलं. चारचौघांत ऐकायची वेळ तिच्यावर येऊ नये. ती गेली तेव्हा तेबोरा ओसरीवर केवड्याच्या पातीची चटई विणत होती. बापाची कबर घराच्या अंगणातच, अजून नुसती वाळू. तेबोराने तिला बसवलं, ताज्या गोड ताडीचा पेला हातात दिला.

“मावशी, खरं सांगू? बाबा गेले त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. प्रसाद घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि किती वेळ उघडलेच नाहीत. मला वाटलं, झालं, माझी बारा वर्षं पोचली.”

रुताने पेला संपवला. चटईच्या विणीबद्दल काहीतरी विचारलं. आणि घरी परत आली. वाटेत तिने स्वतःला एवढ्या शिव्या दिल्या की तेवढ्या तिने नवऱ्यालाही कधी दिल्या नव्हत्या. पण ती मागे फिरली नाही.

रविवारी माणसं आत आली आणि एकेक करून सगळ्यांची नजर त्या काळ्या पडलेल्या काचेकडे गेली. कुजबुज सुरू झाली. नाकिबाएने वाचन संपवलं आणि तो नुसता उभा राहिला. बायकांच्या बाजूने रुता उठून पुढे आली. तिने बोलणं पाठ केलं होतं, ते आठवलं नाही.

“पेटीत प्रसाद नाहीये,” ती म्हणाली. “सात आठवडे नव्हता. फादरनी ज्या ओस्ती पवित्र केल्या त्या त्याच दिवशी संपल्या. मी नुसता कटोरा दिला. तेन नाकिबाएला माहीत नव्हतं. चूक माझी. तुम्हाला मी जे खायला दिलं ते नुसतं पीठ होतं. तेन बोताकेलाही तेच दिलं.”

तेबोरा उठली, मुलांना दंडाला धरून उभं केलं आणि बाहेर गेली.

दुपारी मनेआबात, गावाच्या त्या मोठ्या बैठकीच्या छपराखाली, म्हातारे जमले. रुता बायकांच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

“एकतीस वर्षांत एकदा चुकली,” कुणीतरी म्हणालं. “आम्ही घरात दिवसातून तीनदा चुकतो.”

“घरात चुकलं तर भात करपतो,” नेई ओरेता म्हणाली. ओरेताची जीभ तिखट, पण बाई कामाची. “इथे एक माणूस उपाशी मेला.”

सगळ्यात वयस्क म्हातारा बराच वेळ दाढी कुरवाळत होता. मग म्हणाला, “नेई रुता, तू सांगितलंस ते चांगलं केलंस. नसतं सांगितलंस तर आम्हाला कळलंही नसतं. पण किल्ली दुसऱ्या हातात जाऊ दे. तेबोराला रोज तुझ्या गळ्यात ती बघावी लागू नये.”

रुताने गळ्यातली जपमाळ काढली. दोऱ्याची गाठ तिची तिलाच सुटेना. शेवटी ओरेताने पुढे होऊन सोडवली आणि म्हणाली, “गाठी मारण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही.” काही बायका हसल्या. रुतालाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

गावाला वाटलं, तिला मान गेल्याचं दुःख झालंय. ते होतंच, पण खरं भय वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी उठली, चर्चच्या बंद दारापाशी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग आता म्हणता येत नाही. मी तुझं घर सांभाळते, असं कोणत्या तोंडाने म्हणणार? आणि तो भाग गळला तर दुसऱ्या अर्ध्या भागाला काय आधार? मोउतुचं जहाज त्या आठवड्यात कुठे होतं ते तिला माहीत नव्हतं. समुद्र सकाळी अगदी सपाट होता, आणि तिला तेवढ्याचीही भीती वाटली. शेवटी नुसतं म्हणाली, ‘माझं पोर सांभाळ.’ मग खराटा घेतला आणि अंगण झाडायला लागली.

ओरेता किल्ली घेऊन आली. “तुला कुणी सांगितलं झाडायला?”

“कुणी नाही. झाडायला किल्ली लागत नाही.”

ओरेताने तोंड वाकडं केलं, दार उघडलं, आत गेली. थोड्या वेळाने आतूनच विचारलं, “हे वेदीचं कापड पावसाच्या पाण्यात धुवायचं की विहिरीच्या?”

“पावसाच्या. आणि पहिलं पाणी विलायती फणसाच्या बुंध्याशी.”

“माहीत आहे मला. खात्री करून घेतली.”

ठरल्या दिवशी फादर आले. आणायला गेलेल्या नाकिबाएने होडीतच त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. रुता कबुलीसाठी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली तेव्हा तिने कटोऱ्याची गोष्ट दोन वाक्यांत उरकली. तेबोराच्या घरी ताडी पिऊन गप्प परत आल्याची गोष्ट सांगायला तिला जास्त वेळ लागला. आणि मग ती म्हणाली, “फादर, अजून एक आहे. मी इतकी वर्षं देवाशी सौदा करत होते. मी त्याचं झाडते, त्याने माझ्या मुलाकडे बघायचं. लोक मला भक्त म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचे.”

“आणि आता?”

“आता द्यायला काही नाही. तरी मागतेच. रोज मागते. लाज वाटते.”

फादरनी विचारलं, “तुझा मुलगा घरी येतो तेव्हा जेवण मागताना तुला काय देतो?”

“काही नाही. येऊन बसतो नुसता. भांड्यात हात घालतो.”

“तुला राग येतो?”

“नाही.”

“मग माग,” फादर म्हणाले.

मिस्साला बसलेल्या सगळ्या गावासमोर त्यांनी उपदेश केला नाही. ते वेदीपुढे आले आणि म्हणाले की पेटीत प्रसाद ठेवणं हे माझं काम होतं. मी ते पाण्याची घाई सांगून दुसऱ्यावर टाकलं. होडी चुकली असती तर मी एक रात्र तुमच्याकडे झोपलो असतो, एवढंच झालं असतं. सकाळी गेलो होतो त्या तेन बोताकेच्या घरी प्रसाद घेऊन पुन्हा जायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढीही मी दिली नाहीत. तुमची मी क्षमा मागतो. आणि त्यांनी चटईवर गुडघे टेकले. म्हाताऱ्यांना काय करावं कळेना. एकाने ‘उठा, फादर, उठा’ असं इतक्या कळवळून म्हटलं की पोरं खुसखुसली.

नंतर ते तेबोराच्या अंगणात, कबरीपाशी मिस्सा म्हणायला गेले. या वेळी होडी परत पाठवली. रुता कुंपणाबाहेर उभी होती, तिथून तिला बोलणं ऐकू येत होतं.

“फादर, माझ्या बाबांना मिळालं की नाही मिळालं, तेवढं सांगा,” तेबोराने विचारलं.

“तोंडात मिळालं नाही,” फादर म्हणाले. “ते मी लपवणार नाही. पण त्याने तोंड उघडलं ते पिठासाठी नाही उघडलं. ज्याच्यासाठी उघडलं तो समोर बसलेला होता. तो काय म्हणेल, झाकणाला दोरा आहे, मी आत येत नाही?”

तेबोरा रडली. मग तिने कुंपणाकडे पाहिलं. “त्या शनिवारी माझ्याकडे येऊन बसल्या होत्या. पेलाभर ताडी पिऊन गेल्या. तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होती तोंडात?”

“हो, पोरी,” रुता कुंपणापलीकडूनच म्हणाली. “भ्याले.”

तेबोराने पाठ फिरवली.

निघताना फादरनी रुताला विचारलं, किल्लीचं म्हाताऱ्यांशी बोलू का? रुता म्हणाली, नको. ओरेता चांगलं करते. विचारून करते. मी कधी कुणाला विचारायचे नाही.

त्यानंतर रुताने एक काम काढलं. कबरीवर घालायला पांढरे खडे लागतात, ते बाहेरच्या किनाऱ्यावर मिळतात. अंगण झाडून झालं की ती टोपली घेऊन जायची, भरून आणायची आणि तेबोराच्या कुंपणापाशी ठेवायची. संध्याकाळी टोपली तिथेच असायची, खडे तसेच. ती दुसरी टोपली त्याशेजारी ठेवायची. येणारी-जाणारी माणसं बघायची. ओरेता एकदा म्हणाली, “तिला नकोयत ते.” रुता म्हणाली, “नसतील.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. कंबर दुखायची, तेव्हा टोपली अर्धीच भरायची. पाच टोपल्या कुंपणाशी रांगेत उभ्या राहिल्या, आणि गावातल्या पोरांनी त्यांच्यावरून उड्या मारायचा खेळ सुरू केला.

सहाव्या दिवशी तेबोरा कबरीपाशी उकिडवी बसलेली होती. पहिल्या टोपलीतले खडे तिने वाळूवर ओतून पसरले होते आणि ती ते हाताने निवडत होती.

“हे फार मोठे आहेत,” ती वर न बघता म्हणाली. “कडेला चालतील. मधे बारीक लागतात.”

“बारीक मला कुठे दिसले नाहीत.”

“दिसणार कसे? उत्तरेच्या खडकामागे असतात. ओहोटीला जावं लागतं.”

“उद्या जाते.”

“शेवाळं आहे तिथे. तुमच्या वयाला पाय घसरला तर कोण उचलणार?” तेबोराने हातातला खडा उलटसुलट करून बघितला आणि बाजूला टाकला. बराच वेळ ती निवडत राहिली. रुता कुंपणाला धरून उभी होती. तिला बस म्हटलेलं नव्हतं, जा म्हटलेलंही नव्हतं.

मग तेबोरा गुडघ्यांवर हात टेकून उठली, तिने कमरेच्या लुंगीवरची वाळू झटकली आणि दुसरी टोपली उचलून रिकामी केली.

“ओहोटी आत्ताच लागलीय,” ती म्हणाली. “चला.”

खडकापाशी शेवाळं सुरू झालं तिथे तेबोरा थांबली आणि मागे न बघता तिने हात मागे केला.